सुक्यासंगं ओलं

पंचायतीनं घरटी दोन बादल्या वाटल्या.
हिरवी ओल्याची, निळी सुक्याची.
आठवड्याच्या आत हिरवीत अंघोळीचं पाणी,
निळीत शेंगा,
आणि तलाठ्याच्या भाड्याच्या खोलीत
दोन्ही गळत्या पत्र्याखाली शेजारी शेजारी.
कचरा होता तिथंच राहिला, वेशीपाशी,
वाऱ्याची वाट बघत.

बोरकेरी आमचं. सीनेच्या अलीकडं.
इरण्णा घंटागाडी हाकतो, मी मागनं चालते.
शाळा तिसरीपर्यंत. पण बादली मला वाचता येते.
कोकऱ्यांच्यात सोमवारपासनं सुया निघतात –
साखर कुणाला, ते त्यांनी घरात सुनेलाही सांगितलं नाही.
पोस्टाच्या मागच्या दारात रोज एक रिकामी बाटली,
कालच्याच वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली,
लेकराला दुपट्यात धरावं तशी.
चेअरमनच्या माडीखाली भाकरी,
चतकोर नाही, अख्ख्या,
कडक, तीळ लावलेल्या.
त्या मी ओल्यात टाकत नाही.
शेळीला नेते, म्हणते.
शेळी पाडव्यालाच विकली.

सासू माझी, शिवलिंगव्वा, म्हणायची
उकिरडा म्हणजे कणगीची आई.
तिच्या उकिरड्यात शेण, राख, कडब्याचं बुरकूल,
पावसाळ्यात वर उगवलेला एखादा भोपळा.
बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव फिरतं, म्हणतात.
फिरलं.
त्या साली उपसला तर शेणाखाली
पुड्या, पुड्यांखाली पुड्या,
सलाईनची नळी, शाम्पू, फुटका चार्जर,
आणि लहान पोरांच्या त्या फुगलेल्या चड्ड्या,
ज्या ना कुजतात ना वाळतात.
तसंच टाकलं रानात. काय करणार.
शाळू पोटरीला आला तेव्हा
ढेकळाढेकळावर पुडी चमकत होती,
जत्रा उठून गेल्यासारखं रान.
म्हातारी बांधावर बसली,
खाली वाकली नाही.

मग ग्रामसभा. कचरा कुठं टाकायचा?
शाळेमागं नको. देवळापाशी तर नाहीच.
ओढ्याकडेला चेअरमनची मोटार.
कुणीतरी म्हटलं, गायरान.
गायरानाला लागून आमची वस्ती,
हे कुणी म्हटलं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं.
हात वर झाले.
मी पाणी प्यायला तांब्या उचलला होता,
तोही हात मोजला.

संध्याकाळी कुणीतरी काडी लावतं.
कोण, ते धुरात दिसत नाही.
सुक्यासंगं ओलंबी जळतं, असं इथं
भांडण मिटवताना म्हणतात, चहा पितापिता.
आमच्या दोरीवरची धुणी ओलीच असतात तेव्हा.
तान्ह्याची छाती ओली असते.
बाभळीचा एक अंग वाळला, दुसरा अजून हिरवा.

आता लिंबाखाली मी खड्डा घेतलाय,
कंबरभर, कुणाला न विचारता.
त्यात नुसतं ओलं.
सुकं पोत्यात, बंदेनवाज मंद्रूपहून टेम्पो आणतो,
काट्यावर बोट ठेवतो, मी त्याचं बोट बघते,
तो हसतो आणि उचलतो.
तीन महिन्यांनी खड्डा उघडला.
काळी, भुसभुशीत, पावसाचा वास नाही,
पण वासही नाही.
सासूनं मूठभर उचलून नाकाशी धरली,
पदराला पुसत म्हणाली, चाळ अजून.

चेअरमनचा माणूस आला, डाळिंबाला पाहिजे म्हणून.
भाव सांगितला.
"बाई, आमचाच की कचरा ह्यो."
म्हटलं, व्हय, तुमचाच.
चाळलाय मी.
तो मोटारसायकलवरच बसून राहिला थोडा वेळ.
मग म्हणाला, उद्या ट्रॉली धाडतो.
अजून धाडली नाही.

चाळणीवर दर वेळी काहीतरी उरतं.
आज अर्धी बांगडी, एक काचेची गोटी,
दाताच्या कवळीचा तुकडा, कुणाचा ते मला माहीत आहे,
आणि एक बटण.
ह्यांची बादली पंचायतीनं दिलेली नाही.
बाकीचं कोनाड्यात ठेवलं.
बटण चांगलं होतं, चार भोकांचं.
पोराच्या सदऱ्याला लावलं.